डिझेल पिकअपमधील इंधनदाब : दोष कोठे शोधावा

(वाहनधारक, ग्रामस्थ, शिक्षक व विभागीय कर्मचारी यांच्यासमोरील व्याख्यानाचा पाठ)



बेळगावची भाजी चोर्ला घाटाने गोव्यात उतरते आणि गोव्याची मासळी त्याच घाटाने वर चढते. या वाहतुकीत जुन्या डिझेल पिकअप गाड्या अजूनही पुष्कळ आहेत. समजा, मध्यरात्रीनंतर बर्फातली मासळी भरून अशी एक गाडी केरीहून निघाली. सपाटीवर ती उत्तम चालली. घाटाच्या तिसऱ्या-चौथ्या वळणावर मात्र तिचा जोर कमी होऊ लागतो. चालक गिअर उतरवतो, ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबतो. गाडी उचल घेत नाही, धूरही फारसा येत नाही, आणि अखेर आचके देत इंजिन बंद पडते. अर्धा तास थांबल्यावर तीच गाडी पहिल्याच स्टार्टरला सुरू होते, आणखी दोन वळणे चढते आणि पुन्हा थांबते. उजाडेपर्यंत बर्फाचे पाणी झालेले असते.

दुसऱ्या दिवशी गॅरेजात निदान होते : "पंप गेला." पंप उतरवला जातो, तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी कॅलिब्रेशनला पाठवला जातो, चार-सहा दिवसांचा धंदा बुडतो, मोठे बिल होते. गाडी परत येते, माल भरते, आणि नेमक्या त्याच वळणावर पुन्हा बंद पडते. कारण दोष पंपात नव्हताच. टाकीच्या झाकणाला हवा आत येण्यासाठी जे बारीक छिद्र असते, ते चिखलाने बुजलेले होते.

हे उदाहरण मुद्दाम टोकाचे घेतले आहे. पण त्यातील चूक टोकाची नाही, नित्याची आहे. इंधनाचा दाब कमी पडला की सर्वांत महागड्या भागावर पहिला संशय घेतला जातो आणि सर्वांत स्वस्त भाग शेवटी पाहिले जातात. प्रस्तुत विवेचनाचा सारा रोख हा क्रम उलटा करण्याकडे आहे.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबाने तापलेल्या हवेत डिझेलचा अतिसूक्ष्म फवारा सोडला की ते आपोआप पेटते. हा फवारा पाडण्यासाठी प्रचंड दाब लागतो, आणि तो देणारा पंप हे या इंजिनाचे हृदय होय. जर्मनीतील बॉश कंपनीने असा पंप १९२७ पासून मोठ्या प्रमाणावर तयार करण्यास सुरुवात केली व त्यानंतरच डिझेल इंजिन ट्रकांत सुलभपणे वापरता येऊ लागले. आपल्या देशात १९५१ साली स्थापन झालेल्या बंगळूरच्या मोटर इंडस्ट्रीज कंपनीचे, म्हणजे 'माइको'चे पंप इतके रूढ झाले की २००८ मध्ये कंपनीचे नाव बॉश लिमिटेड झाल्यावरही जुन्या मिस्त्र्यांच्या तोंडी 'माइको पंप' हाच शब्द राहिला आहे.

तथापि हा पंप स्वतः टाकीतून डिझेल ओढून आणण्याच्या कामाचा नाही. त्याच्या दाराशी डिझेल आणून देण्यासाठी एक लहान पंप असतो, त्याला फीड पंप म्हणतात. टाकीतील नळी व तिच्या टोकाची जाळी, तेथून फीड पंपापर्यंतचा पाइप, मग फिल्टर, मग मोठा पंप, मग पोलादी बारीक नळ्या व अखेर इंजेक्टर, असा डिझेलचा प्रवास आहे. जादा झालेले डिझेल रिटर्न पाइपने टाकीकडे परत जाते.

या प्रवासात दाबाचे तीन टप्पे पडतात आणि ते वेगळे ओळखणे हेच निदानाचे मर्म आहे. गॅरेजच्या भाषेत 'एक किलो' दाब म्हणजे दर चौरस सेंटीमीटरवर एक किलोग्रॅमचा भार. वातावरणाचा दाब साधारण तेवढाच असतो. टाकी ते फीड पंप या पहिल्या टप्प्यात दाब वातावरणाहूनही कमी असतो, कारण तेथे डिझेल ओढले जात असते. फीड पंप ते मोठा पंप या दुसऱ्या टप्प्यात तो इंजिनाच्या बनावटीनुसार बहुधा एक ते दोन किलोच्या आसपास असतो. मोठ्या पंपानंतरच्या तिसऱ्या टप्प्यात तो एकदम शंभर-सव्वाशे ते दोन-अडीचशे किलोपर्यंत चढतो. तेवढा झाल्याखेरीज इंजेक्टर उघडतच नाही.

तिसऱ्या टप्प्यातील बिघाड खर्चिक, म्हणून त्याची धास्ती मोठी. पण रस्त्यावर बंद पडणाऱ्या गाड्यांचे दुखणे बहुतांशी पहिल्या दोन टप्प्यांत असते, आणि त्यातही पहिला टप्पा फसवा आहे. दुसऱ्या व तिसऱ्या टप्प्यात कोठे फट असेल तर डिझेल बाहेर येते, ओल दिसते, धूळ चिकटून काळा डाग पडतो. दोष आपणहून हाक मारतो. पहिल्या टप्प्यातील फट मात्र इंजिन चालू असताना थेंबही गाळत नाही. डिझेल बाहेर येण्याऐवजी तेथून हवा आत शिरते. पाइप कोरडा दिसतो, म्हणून तो निर्दोष ठरवला जातो. शिक्षकांना हे वर्गात दाखवणे सोपे आहे. शहाळ्याच्या नळीला टाचणीने छिद्र पाडून पाणी ओढण्यास सांगावे. छिद्रातून पाणी गळत नाही, पण ओढणाऱ्याच्या तोंडात निम्मे पाणी आणि निम्मी हवा येते. तीच नळी भरून छिद्राच्या बाजूने फुंकली की छिद्रातून पाण्याची चिळकांडी उडते. पिकअपच्या पाइपाचे सारे पदार्थविज्ञान एवढ्यात येते.

हवा शिरल्याने इतके काय बिघडते, असा प्रश्न स्वाभाविक आहे. डिझेल दाबले तरी फारसे आक्रसत नाही, हवा आक्रसते. मोठ्या पंपाच्या दट्ट्याखाली हवेचा बुडबुडा आला की दट्ट्याची सारी धाव तो बुडबुडा दाबण्यात जाते, इंजेक्टर उघडण्याइतका दाब होतच नाही आणि फवारा पडत नाही. पंप धडधाकट असतो, पण त्याच्या हाती डिझेलऐवजी वारा आलेला असतो. यालाच चालक 'गाडीने एअर घेतली' असे म्हणतात.

आता लक्षणांकडे वळणे योग्य होईल. कारण लक्षणे नीट ऐकली तर निम्मे निदान पाना न उचलता होते.

रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी पुष्कळ वेळ स्टार्टर मारल्यावर सुरू होते, किंवा सुरू होऊन मिनिटभरात बंद पडते, आणि हात-पंप मारल्यावर ठीक चालते : येथे पाइपातील डिझेल रात्रीत मागे टाकीकडे उतरून हवा शिरली आहे, असे समजावे. तडकलेला रबरी पाइप, सैल क्लिप, घट्ट झालेले जुने वायसर किंवा फीड पंपाच्या झडपेत अडकलेला कचरा, यांपैकी काहीतरी सापडते. सपाटीवर उत्तम, पण चढणीवर मरगळ : फिल्टर तुंबलेला, जाळी भरलेली, किंवा टाकीत डिझेल कमी असल्याने ते चढणीवर नळीपासून दूर सरते. अर्ध्या तासाने दम तोडते आणि विश्रांतीनंतर पुन्हा चालते : येथे टाकीचे झाकण प्रथम पाहावे. गाडी बंद पडताच झाकण उघडले असता 'सुस्स' असा आवाज होऊन हवा आत गेली, तर दोष सापडलाच. डिझेल कमी झाले तितकी हवा टाकीत आली पाहिजे; ती न आल्यास टाकीत पोकळी होऊन फीड पंप हतबल होतो. गाडी उभी असताना हळूहळू हवा झिरपते, म्हणून विश्रांतीने बरे वाटते. हेच लक्षण टाकीत पडलेल्या प्लॅस्टिकच्या तुकड्यानेही दिसते. ओढ असेतो तो जाळीला चिकटतो, ओढ थांबली की खाली बसतो. झाकणाऐवजी चिंधी कोंबलेल्या टाक्या पाहिल्या म्हणजे हा तुकडा कोठून येतो याचे नवल वाटत नाही.

धुराचा रंगही साक्ष देतो. जोर नाही आणि काळा धूर भरपूर, तर डिझेल पुरेसे येत आहे. हवेचा फिल्टर तुंबला आहे किंवा इंजेक्टरचा फवारा बिघडला आहे. तेथे इंधनदाबाच्या मागे लागणे व्यर्थ. जोर नाही आणि धूरही नाही, तर इंजिन उपाशी आहे. पांढरा धूर म्हणजे पुरते न जळलेले डिझेल; थंड इंजिन, चुकलेले टायमिंग, कमी झालेले कॉम्प्रेशन किंवा डिझेलमधील पाणी, अशी त्याची अनेक कारणे असू शकतात.

संशयाची दिशा ठरली की तपासणी. झाकणाची परीक्षा झाल्यावर फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून थोडे डिझेल काचेच्या बरणीत घ्यावे व स्थिर ठेवावे. पाणी असल्यास ते खाली बसून स्पष्ट रेषा दिसते. पावसाळ्यात उघड्यावर ठेवलेल्या पिंपातून डिझेल भरणाऱ्यांच्या बरणीत ही रेषा हमखास येते. पाणी फार दिवस राहिले तर पाणी व डिझेल यांच्या सीमेवर सूक्ष्म जंतू वाढून काळसर, बुळबुळीत साय धरते. ती नव्या फिल्टरलाही थोड्याच दिवसांत तुंबवते. अशा वेळी फिल्टरमागून फिल्टर बदलण्यापेक्षा टाकी उतरवून धुणे स्वस्त पडते.

यानंतरची परीक्षा अगदी साधी असूनही फार थोड्या ठिकाणी केली जाते. गाडी सपाट जागी उभी करून स्वच्छ डिझेलचा एक कॅन फीड पंपाहून उंच बांधावा, फीड पंपाकडे येणारा पाइप सोडवून तेथे कॅनमधील स्वच्छ नळी जोडावी, रिटर्न पाइपही कॅनमध्ये सोडावा, आणि हवा काढून इंजिन चालवावे. कॅन सायलेन्सरपासून दूर व पक्का बांधलेला हवा. तो लटकवून गाडी रस्त्यावर नेऊ नये. कॅनवर इंजिन निर्धास्त चालले, तर मोठा पंप व इंजेक्टर यांच्यावरील आरोप त्याच क्षणी बव्हंशी निकालात निघतो; दोष टाकी ते फीड पंप या टप्प्यात आहे. कॅनवरही तीच रड असेल तर पुढे जावे. पाइपात पारदर्शक नळीचा वीतभर तुकडा जोडल्यास बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. फीड पंपाच्या आधी बुडबुडे दिसले तर हवा त्याच्याही अलीकडे, टाकीच्या बाजूने शिरते आहे. एकेक जोड नवा करीत ते थांबेपर्यंत जावे.

दुसऱ्या टप्प्यासाठी कमी दाब दाखवणारा मीटर लागतो. तो फिल्टरच्या आधी व नंतर, असा दोन्ही ठिकाणी लावावा आणि इंजिन जोरात असताना आकडा वाचावा. मंद चालीवरचा आकडा भुलवतो. आधी दाब चांगला व नंतर कमी, तर फिल्टर दोषी. दोन्हीकडे कमी, तर फीड पंपाच्या झडपा, त्याचा दट्ट्या, किंवा रिटर्नच्या तोंडावरील ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह पाहावा. या व्हॉल्व्हची स्प्रिंग मऊ पडली की डिझेल मोठ्या पंपात थांबण्याऐवजी टाकीकडे पळते. भाग बोटाएवढा, पण कित्येक चांगले पंप त्याच्या पायी उघडले गेले आहेत. ज्या इंजिनांत फीड पंप पडद्याचा असतो, तेथे ऑइलची काडीही पाहावी. पडदा फाटला तर डिझेल ऑइलमध्ये उतरते आणि ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वाढते. ऑइल वाढले म्हणून समाधान मानणारा चालक बेअरिंग गमावतो.

हवा काढण्याची क्रिया प्रत्येक चालकास आली पाहिजे. फिल्टरवरील हवेचा स्क्रू दोन आटे सैल करून हात-पंप मारावा. प्रथम फेस येतो, मग फेसमिश्रित डिझेल, मग अखंड धार. धार चालू असतानाच स्क्रू आवळावा. हात थांबवून आवळला तर थोडी हवा पुन्हा आत ओढली जाते आणि केलेली मेहनत वाया जाते. मग हीच क्रिया मोठ्या पंपावरील स्क्रूवर करावी. एवढ्याने बहुतेक गाड्या सुरू होतात. न झाल्यास इंजेक्टरकडील पोलादी नळ्यांचे नट अर्धा आटा सैल करून, हात व तोंड दूर ठेवून, स्टार्टर मारावा व डिझेल पाझरताच नट आवळावे. स्टार्टर एका वेळी दहा-पंधरा सेकंदांहून अधिक मारू नये. बॅटरी व स्टार्टर दोन्ही तापतात. हात-पंपाची मूठ शेवटी दाबून फिरवून बसवण्यास विसरू नये, नाहीतर तेथूनच हवा शिरण्याची नवी वाट तयार होते. जुने तांब्याचे वायसर पुन्हा वापरणे भाग पडले तर ते लालबुंद तापवून थंड करावे. तांबे मऊ होऊन पुन्हा बसते. नवे वायसर अर्थातच उत्तम.

मोठा पंप मात्र रस्त्याच्या कडेला उघडू नये. त्यातील दट्ट्या व त्याची नळी यांमधील फट दोन-तीन मायक्रॉन असते, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या विसाव्या भागाहूनही कमी. पुसायच्या चिंधीचा एक धागा तेथे मोठा धोंडा ठरतो. डिझेलमध्ये रॉकेल मिसळणाऱ्यांनीही हे ध्यानी घ्यावे. या पंपाच्या आतील भागांना वंगण डिझेलचेच मिळते, आणि रॉकेलचे वंगण पातळ. बचत केलेले पैसे पंपाच्या झिजेत जातात.

येथे खात्यांतील अधिकाऱ्यांना एक स्पष्ट सूचना करावीशी वाटते. केंद्र शासनाच्या नियमानुसार १५ वर्षांवरील शासकीय वाहनांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून चालू ठेवता येत नाही. तरी त्या वयाच्या आतील यांत्रिक पंपाची वाहने आहेत, आणि सहकारी संस्था व खाजगी मालक यांच्याकडे तर त्याहून जुनी आहेत. पंपाच्या दुरुस्तीचे अंदाजपत्रक मंजुरीस आले असता त्यासोबत चार ओळींची नोंद मागावी : फिल्टर केव्हा बदलला, त्यात पाणी होते काय, फीड पंपाचा दाब किती भरला, आणि कॅनवर इंजिन कसे चालले. ही नोंद नसेल तर कागद परत पाठवण्यात कोणाचाही अपमान नाही. लॉगबुकात किलोमीटर व लिटर यांचे रकाने काटेकोर भरले जातात आणि फिल्टर बदलल्याची तारीख कोठेच सापडत नाही, ही स्थिती अनेक कार्यालयांत आहे.

आता एका धोक्याविषयी. इंजेक्टरच्या किंवा पोलादी नळीच्या फटीतून उडणारी धार बोटाने चाचपण्याची सवय काही मिस्त्र्यांना असते. ती धार कातडी भेदून आत शिरते. जखम सुईच्या टोचण्याएवढी दिसते, प्रारंभी वेदनाही थोडी असते. मात्र आत डिझेल स्नायूंत व शिरांच्या आवरणांत पसरलेले असते आणि काही तासांत हात सुजून काळा पडू लागतो. अशा वेळी हळद लावून वाट पाहणे म्हणजे बोट, प्रसंगी हात, गमावणे होय. रुग्णास ताबडतोब शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे आणि डॉक्टरांना 'दाबाखालचे डिझेल हातात शिरले आहे' याच शब्दांत सांगावे, कारण बाहेरून पाहून त्यांचीही फसगत होऊ शकते. फट शोधायची असेल तर जाड पुठ्ठ्याचा तुकडा नळीजवळ फिरवावा. ओला डाग पडेल तेथे फट आहे.

ज्या गाड्यांत कॉमन रेल पद्धती आहे, त्यांच्याबाबत वरीलपैकी नट सैल करण्याची क्रिया पूर्णपणे वर्ज्य समजावी. तेथे दाब हजार किलोच्या वर जातो. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज ६ मानक लागू झाल्यावरच्या डिझेल पिकअप गाड्या या पद्धतीच्या आहेत, आणि त्याआधीच्याही काही आहेत. पंपावरून जाड नळी एका सामाईक दांड्यासारख्या नळीला जाते व तेथून इंजेक्टरना फाटे फुटतात, या खुणेवरून ती ओळखता येते. झाकण, जाळी, फिल्टर, पाणी व कमी दाबाचे पाइप यांची तपासणी तेथेही तशीच करावी. त्यापुढचे काम स्कॅनर असलेल्या मिस्त्र्याकडे द्यावे.

घाटाने ये-जा करणाऱ्या चालकाने जुन्या पिकअपच्या आसनाखाली एक जादा फिल्टर, चार-सहा तांब्याची वायसरे, दोन क्लिपा, वीतभर पारदर्शक नळी, हवेच्या स्क्रूला बसणारा पाना, काचेची किंवा पारदर्शक प्लॅस्टिकची एक बरणी आणि पुठ्ठ्याचा तुकडा ठेवावा. हा सारा ऐवज बिस्किटाच्या एका डब्यात मावतो.